बॉयलर आणि डिओडोरायझरसाठी रिअल टाइम ऑप्टिमायझेशन सेवा: जळगावच्या एका सरकी-तेल रिफायनरीतून परीक्षण

जळगाव एमआयडीसीतील ज्या सरकी-तेल रिफायनरीत मी प्रक्रिया विभाग सांभाळतो, तिथे बॉयलर आणि तेलाचा वास काढणारा डिओडोरायझर या दोन ठिकाणी पुण्याच्या एका संस्थेची रिअल टाइम ऑप्टिमायझेशनची सेवा सध्या चालू आहे. त्याआधी आम्ही दुसऱ्या एका पुरवठादाराकडून याच कामाची प्रणाली बसवून घेतली होती, आणि ती बंद करावी लागली. दोघांचीही नावे मी इथे देत नाही. खानदेशातील ज्या कारखानदारांकडे असे प्रस्ताव येत आहेत, त्यांना पुरवठादाराच्या नावापेक्षा त्याच्या प्रणालीत कोणती पद्धत वापरली आहे हे कळणे अधिक उपयोगाचे आहे, आणि दोन प्रणालींमधला खरा फरक पद्धतीचाच होता. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत तेल गिरण्या, दूध प्रकल्प, साखर कारखाने आणि प्रक्रिया उद्योग पुष्कळ आहेत. त्यांतल्या अनेकांकडे शेतातल्या काडीकचऱ्यावर चालणारा बॉयलर आहे, त्यामुळे आमचा अनुभव त्यांच्या कामी येईल असे मला मनापासून वाटते.

या सेवेचे काम असे आहे. धुराड्यातील ऑक्सिजन आणि कार्बन मोनॉक्साइड, धुराचे तापमान, वाफेचा प्रवाह व दाब, पंख्यांचा वेग हे सगळे आकडे संगणक मापकांकडून घेतो आणि या घडीला एकूण हवा किती द्यावी, त्यातली किती जाळीखालून आणि किती ज्वालेच्या वरून द्यावी, म्हणजे टनभर वाफेमागे खर्च सर्वांत कमी येईल आणि कोणतीही मर्यादा ओलांडली जाणार नाही, याचा हिशेब करतो. निघालेले आकडे तो पीएलसीला, म्हणजे यंत्रे प्रत्यक्ष चालवणाऱ्या नियंत्रकाला, सेट पॉइंट (राखायचे लक्ष्य) म्हणून देतो. हा हिशेब मॉडेलवर चालतो, म्हणजे बॉयलरच्या गणिती समीकरणांत मांडलेल्या रूपावर. आणि आमच्यासारख्या बॉयलरचे मॉडेल कधीच पुरते बरोबर नसते.

ते का नसते हे इंधनाच्या शेडमध्ये उभे राहिले की लगेच कळते. आम्ही मुख्यतः पऱ्हाटीच्या ब्रिकेट, म्हणजे दाबून केलेल्या कांड्या, जाळतो. कापसाची वेचणी संपली की शेतातून उपटलेली पऱ्हाटी ब्रिकेटच्या कारखान्यात जाते. पण पुरवठादार तिच्यात भुईमुगाची टरफले किती मिसळतो, लाकडाचा भुसा किती घालतो आणि माल किती दिवस उघड्यावर पडलेला असतो, हे दर ट्रॉलीला वेगळे असते. मार्च-एप्रिलमधली कोरडी ब्रिकेट हातात धरली तर टणक लागते आणि मोडताना कट्कन आवाज येतो. पावसाळ्यातली ब्रिकेट बोटांनी दाबली तरी भुगा होते. ओलाव्याच्या प्रत्येक किलोची वाफ करण्यातच सुमारे ५४० किलोकॅलरी उष्णता वाया जाते. शिवाय शेतमालाच्या राखेत पोटॅशियमचे प्रमाण जास्त असल्याने ती कमी तापमानाला मऊ होते, जाळीवर क्लिंकर, म्हणजे वितळून घट्ट झालेले राखेचे खडे, धरते आणि हवेची वाट अडवते. हे सगळे समीकरणात बसवायचे म्हटले तर दर आठवड्याला नवे मॉडेल लिहावे लागेल.

हवेचा प्रश्न मात्र स्पष्ट आहे. धुरातील ऑक्सिजनची टक्केवारी २१ मधून वजा करायची, येणाऱ्या आकड्याने ऑक्सिजनच्या टक्केवारीला भागायचे आणि १०० ने गुणायचे, की जादा हवेचे प्रमाण मिळते. धुरात ६ टक्के ऑक्सिजन असला तर जादा हवा ४० टक्के होते, आणि ८ टक्के असला तर ती सुमारे ६२ टक्क्यांवर जाते. ही जादा हवा भट्टीतली उष्णता घेऊन धुराड्यातून निघून जाते. उलट हवा फार कमी केली तर कार्बन मोनॉक्साइड वाढतो, राखेत न जळलेला कोळसा राहतो आणि जाळीवर क्लिंकरही लवकर धरते. या दोन नुकसानांच्या बेरजेचा तळ कुठेतरी मध्ये असतो आणि तो इंधनाप्रमाणे सरकतो. तो तळ शोधून सतत त्याच्याजवळ राहणे, एवढ्यासाठीच आपण या सेवेचे पैसे मोजतो.

पहिल्या पुरवठादाराची प्रणाली दोन टप्प्यांच्या पद्धतीवर चालत असे. पहिल्या टप्प्यात मॉडेलमधले काही आकडे, आमच्या बाबतीत इंधनाचे उष्मांक मूल्य (किलोमागे मिळणारी उष्णता) आणि उष्णता-नुकसानाचा एक गुणक, असे बदलायचे की मॉडेलने सांगितलेली वाफ आणि मीटरवर दिसणारी वाफ जुळावी. दुसऱ्या टप्प्यात त्या सुधारलेल्या मॉडेलवर इष्टतम, म्हणजे सर्वांत कमी खर्चाची, हवा काढायची. उद्योगात सर्वांत जास्त रुळलेली पद्धत हीच आहे आणि सादरीकरणात ती फार पटते, कारण पडद्यावर मॉडेलची रेघ आणि प्रत्यक्षाची रेघ एकमेकींवर तंतोतंत बसलेल्या दिसतात. आमच्या पडद्यावरही त्या बसल्या होत्या. तरीही प्रणाली सांगेल तशी हवा दिली की कार्बन मोनॉक्साइड चढत असे, राख काळी पडत असे आणि ब्रिकेटचा खप कमी होत नसे.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते कळल्यावर साधे होते. त्यांच्या मॉडेलमध्ये न जळलेल्या इंधनाचे नुकसान हवेवर जवळजवळ अवलंबूनच ठेवलेले नव्हते. हवा कमी केल्यावर प्रत्यक्षात ज्वलन अपुरे होऊन वाफ घटे. मॉडेल मात्र त्या घटीचा अर्थ इंधन हलके आले असा लावून उष्मांक मूल्य खाली ओढत असे. त्यामुळे दोन्ही रेघा पुन्हा जुळत, आणि मॉडेलच्या हिशेबात कमी हवा अजूनही फायद्याचीच राहत असे. म्हणजे मॉडेलने सांगितलेला वाफेचा आकडा खरा होता, पण हवा थोडी बदलली तर खर्च कोणत्या दिशेने आणि किती बदलेल, हा उतार खोटा होता. सातपुड्याच्या घाटात उभ्या असलेल्या माणसाला तो समुद्रसपाटीपासून किती उंचावर आहे हे कितीही अचूक सांगितले, तरी खाली जाणारी वाट कोणत्या बाजूला आहे हे त्यातून कळत नाही. इष्टतम बिंदू उतारावरून ठरतो. उष्मांक मूल्याची खुंटी कितीही पिळली तरी समीकरणात जे मुळात नाही ते तिच्यातून येत नाही.

हा दोष जुना आणि ओळखीचा आहे. १९७९ साली लंडनच्या सिटी युनिव्हर्सिटीत रॉबर्ट्स यांनी आकड्यांचा अंदाज आणि इष्टतमीकरण यांची सांगड घालणारी पद्धत मांडली, तिच्यात प्रत्यक्ष प्रक्रियेच्या उताराची दुरुस्ती हिशेबात आणलेली होती. पुढे १९९४ साली फोर्ब्स, मार्लिन आणि मॅकग्रेगर यांनी एखादे मॉडेल इष्टतमीकरणाच्या कामाला पुरेसे आहे की नाही याच्या अटी स्पष्ट केल्या. आकड्यांच्या कोणत्याच निवडीने मॉडेलचा तळ प्रत्यक्ष तळाशी येत नसेल, तर ते मॉडेल या कामाला अपुरे आहे, मग ते मापनांशी कितीही जुळत असो. हे इतक्या वर्षांपूर्वी ठाऊक असूनही आजच्या प्रस्तावांत "मॉडेलची अचूकता" हाच मोठा आकडा छापलेला असतो, याची मला खंत वाटते. तो आकडा दाखवणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: हवा बदलल्यावर होणाऱ्या खर्चाच्या बदलाशी तुमचे मॉडेल जुळते का, आणि ते तुम्ही कशावरून ठरवले?

सध्याची सेवा ज्या पद्धतीवर उभी आहे तिला मॉडिफायर अ‍ॅडाप्टेशन म्हणतात. तिचे आजचे रूप २००९ मध्ये लोझान येथील तंत्रज्ञान विद्यापीठातल्या मार्केटी, शाशुआ आणि बोनव्हाँ यांच्या कामातून पक्के झाले. या पद्धतीत मॉडेलमधल्या आकड्यांना हात लावत नाहीत. स्थिर अवस्थेत प्रत्यक्ष खर्च आणि मर्यादांची मूल्ये मोजतात, मॉडेलच्या मूल्यांपासूनचा फरक काढतात, उतारांमधलाही फरक काढतात, आणि हे दोन्ही फरक मॉडेलच्या समीकरणांना जोडून टाकतात. त्या दुरुस्त समीकरणांवर नवा इष्टतम बिंदू काढतात, त्याच्या दिशेने थोडेसेच सरकतात आणि पुन्हा मोजतात. हे चक्र एका जागी येऊन थांबले, तर ती जागा प्रत्यक्ष प्रक्रियेच्या इष्टतम बिंदूच्या अटी पाळणारीच असते, मग मूळ मॉडेल चुकीचे का असेना. मला या पद्धतीचा आदर वाटतो तो यासाठी की, मॉडेल चूक आहे हे ती आधीच मान्य करते आणि त्या चुकीची जागा नेमकी कुठे आहे ते प्रत्यक्ष भट्टीला विचारते.

मॉडेलने एकच गोष्ट जपावी लागते, ती म्हणजे वक्रता. खर्चाचा आलेख मॉडेलमध्ये तळाजवळ वरच्या बाजूला वळलेला असायला हवा. तो घुमटासारखा उलटा असेल तर दुरुस्त्या जोडूनही संगणक तळावर थांबणार नाही. पुण्याच्या संस्थेने आमच्यासाठी केलेली सर्वांत समजूतदार गोष्ट हीच होती. त्यांनी तपशीलवार ज्वलन-मॉडेल बाजूला ठेवले आणि वक्रतेची खात्री असलेले अगदी साधे मॉडेल वापरले. पहिल्यांदा ते पाहून आमच्या संचालकांना हे काम कच्चे वाटले होते. "एवढी चारच समीकरणे?" असे त्यांनी बैठकीत विचारले, आणि संस्थेच्या अभियंत्याने न घाबरता, बाकीचे भट्टीच सांगेल, असे उत्तर दिले. ते उत्तर पुढे खरे ठरले.

पण भट्टीकडून उतार मिळवणे हे फार कष्टाचे काम आहे, आणि या परीक्षणाचा मोठा भाग त्याबद्दलच असायला हवा. उतार काढायचा तर हवा मुद्दाम थोडी हलवून पाहावी लागते. ती फार थोडी हलवली तर बदल मापनाच्या चढउतारात बुडून जातो. फार हलवली तर मिळणारा उतार त्या जागेचा राहत नाही, आणि वर इंधन वाया जाते. आमच्या बॉयलरमध्ये जाळीवर इंधनाचा जाड थर असतो. हवा कमी केली तरी थरातली धग काही वेळ वाफेचा दाब टिकवून धरते, त्यामुळे लगेच घेतलेला आकडा फसवा निघतो. त्यात रिफायनरीची मागणी सारखी बदलते. तेलातली आम्ले काढणाऱ्या न्यूट्रलायझरची बॅच तापवायला घेतली की वाफ एकदम ओढली जाते. म्हणून ही प्रणाली आधी अवस्था स्थिर झाली आहे की नाही हे तपासते आणि ती तशी नसेल तर काहीही करत नाही. सुरुवातीला संचालकांची तक्रार होती की संगणक दिवसातला बराच वेळ नुसता बसून असतो. माझ्या मते ते बसून राहणे हा त्या प्रणालीचा गुण आहे. अस्थिर आकड्यांवरून काढलेला उतार चुकीच्या दिशेलाही नेऊ शकतो.

दोन सोयी त्यांनी विचारपूर्वक केल्या आहेत. पहिली अशी की, दर वेळी नव्याने हवा हलवण्याऐवजी आधीच्या चालवणुकीतले जवळपासचे बिंदू घेऊन त्यांवर वर्गसमीकरणाचा पृष्ठभाग बसवतात आणि उतार त्यावरून काढतात. २००५ साली डॉर्टमुंडच्या गाओ आणि एंगेल यांनी अशा क्रमाक्रमाने उतार सुधारण्याच्या पद्धतीवर काम केले होते, आणि जुन्या बिंदूंचा उपयोग करण्याचा विचार पुढे त्याच वाटेने वाढला. यामुळे मुद्दाम घ्याव्या लागणाऱ्या हालचाली बऱ्याच कमी होतात. दुसरी सोय अशी की, खर्चाचा उतार काढण्यासाठी ते ब्रिकेटच्या वजनावर अवलंबून राहत नाहीत. आमच्या पट्ट्यावरचा वजनकाटा इतका विश्वासाचा नाही की हवेतल्या लहान बदलाचा परिणाम त्यावर दिसावा. त्याऐवजी धुरातला ऑक्सिजन, कार्बन मोनॉक्साइड आणि तापमान यांवरून नुकसानांची बेरीज करून, म्हणजे ऊर्जा-लेखापरीक्षणात ज्याला अप्रत्यक्ष पद्धत म्हणतात तिने, उतार काढला जातो. धुराचे तापमान सुमारे २२ अंशांनी उतरले की बॉयलरची कार्यक्षमता जवळपास १ टक्क्याने वाढते, हा ऊर्जा-लेखापरीक्षकांचा ठोकताळा सर्वांना माहीत आहे. त्याच तर्काचा हा बारकाईने केलेला उपयोग आहे.

यातली उणीवही सांगितली पाहिजे. राखेतला न जळलेला कार्बन या बेरजेत ऑनलाइन येत नाही. प्रयोगशाळेत पाळीतल्या राखेचा नमुना जाळून त्याचे घटलेले वजन पाहतात आणि तो आकडा हाताने भरतात. तो येईपर्यंत प्रणाली जुन्याच आकड्यावर चालते, आणि हे नुकसान नेमके हवा कमी होते तेव्हाच वाढते. संस्थेने यावर तूर्त हवेची खालची मर्यादा थोडी वर ठेवून वेळ निभावली आहे. हा उपाय सुरक्षित आहे, पण त्याने बचतीचा काही भाग हातचा जातो.

ओला माल आल्यावर काय होते, हा खानदेशातल्या कोणत्याही बॉयलरचा खरा कस असतो. आमचे मुख्य बॉयलर अटेंडंट, ज्यांना सगळी पाळी आप्पा म्हणते, मीटरकडे पाहण्याआधी धुराड्याकडे आणि भट्टीच्या झरोक्याकडे पाहतात. धूर काळा दिसला तर हवा कमी आहे, ज्वाला डोळे दिपतील इतकी पांढरी आणि आखूड झाली तर हवा जास्त आहे, आणि धुराड्यातून दाट पांढरे लोट निघू लागले तर माल ओला आहे, हे ते क्षणात सांगतात. पहिल्या प्रणालीत त्यांच्या या ज्ञानाला जागाच नव्हती. त्यांनी हवा बदलली की संगणक ती परत फिरवत असे आणि शेवटी त्यांनी पॅनेल मॅन्युअलवर टाकून दिले. नव्या प्रणालीत पॅनेलवर "लॉट बदल" असे मराठीत लिहिलेले एक बटण आहे. आप्पांनी ते दाबले की जुन्या लॉटचे बिंदू उताराच्या हिशेबातून बाजूला काढले जातात, हवा सुरक्षित जागी नेली जाते आणि नव्या मालावर शोध पुन्हा सुरू होतो. "मी सांगतो ते आता याला ऐकू येतं," असे त्यांनी मला एका रात्रपाळीत सांगितले, आणि मला वाटते की ही प्रणाली टिकून राहण्यात त्या बटणाचा वाटा गणिताइतकाच आहे.

मापकांबद्दल एक इशारा देणे भाग आहे. ही पद्धत मॉडेलची चूक भरून काढते, मापनाची नाही. भट्टी किंचित निर्वात दाबावर चालते, त्यामुळे झाकणांच्या फटींतून बाहेरची हवा आत ओढली जाते. ती ज्वलनात भाग न घेता धुरात मिसळते आणि ऑक्सिजनचा आकडा खोटाच वाढवते. संगणकाला वाटते की हवा जास्त आहे, म्हणून तो ती कमी करतो आणि जाळीवर खरोखरच हवा अपुरी पडते. आमच्याकडे मॅनहोलच्या दाराची फट बंद करणारी दोरी झिजल्यावर हेच घडले होते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या झिरकोनियाच्या प्रोबचे कॅलिब्रेशन आणि दारांची दोरी या दोन गोष्टी देखभालीच्या यादीत वर घेतल्याशिवाय कोणी ही सेवा विकत घेऊ नये. संस्थेच्या करारात या कामाचा उल्लेखही नव्हता. तो आमच्या आग्रहाने आला.

आता डिओडोरायझर. इथे प्रश्नाचे स्वरूपच वेगळे आहे आणि सेवा घेणाऱ्याने तो फरक समजून घेतला तर पुष्कळ पैसे वाचतील. सरकीच्या तेलाचा वास आणि उरलेली मुक्त मेदाम्ले काढण्यासाठी ते साधारण २२० ते २५० अंश सेल्सिअसला, काही मिलिबार इतक्या कमी दाबाखाली, तेलाच्या वजनाच्या १ ते ३ टक्के वाफ सोडून धुतले जाते. वाफ जितकी कमी सोडाल तितका खर्च कमी. पण मुक्त मेदाम्लांची मर्यादा पाळावीच लागते, आणि तापमान वाढवून काम उरकावे तर ट्रान्स फॅट वाढते, ज्यावर २०२२ पासून देशात २ टक्क्यांची मर्यादा आहे. म्हणजे इथला इष्टतम बिंदू दरीच्या तळाशी नसून कुंपणाला टेकलेला आहे. अशा वेळी उतार शोधण्याचा खटाटोप बहुधा लागतच नाही. मॉडेलने सांगितलेली मेदाम्ले आणि प्रयोगशाळेत मोजलेली मेदाम्ले यांतला फरक मर्यादेच्या समीकरणाला जोडत गेले, की वाफ आपोआप कुंपणापर्यंत उतरते. यालाच मर्यादांची दुरुस्ती म्हणतात. आमच्याकडे हे काम लवकर आणि विनातक्रार मार्गी लागले. वाटेत एखादी बॅच मर्यादा ओलांडणार नाही याची हमी मात्र ही पद्धत स्वतः देत नाही; त्यासाठी मर्यादेच्या अलीकडे थोडी जागा राखावी लागते आणि पावले लहान ठेवावी लागतात. संस्थेने ती जागा सुरुवातीला ऐसपैस ठेवून नंतर हळूहळू कमी केली, हे योग्यच झाले.

याच ठिकाणी खानदेशच्या हवेचा एक धडा बाहेरच्या अभियंत्यांना मिळाला. जळगाव-भुसावळचा मे महिना त्यांनी ऐकलेला होता, आणि ४५ अंशांच्या उन्हात कूलिंग टॉवरचे पाणी तापून इजेक्टरचे (वाफेच्या झोताने हवा खेचणाऱ्या उपकरणाचे) व्हॅक्युम बसेल अशी त्यांची धास्ती होती. प्रत्यक्षात आमच्याकडचे ते ऊन कोरडे असते. कूलिंग टॉवरचे पाणी हवेच्या कोरड्या तापमानापेक्षा ओल्या बल्बच्या तापमानाच्या (पाण्याची वाफ होऊन हवेत जितके थंड होता येते त्या तापमानाच्या) मागे जाते, म्हणून मेमध्ये टॉवर बरा चालतो. व्हॅक्युमची खरी ओढाताण पावसाळा लागताच होते, जेव्हा पारा उतरलेला पण हवा दमट असते. मॉडेलमधला हंगामाचा गुणक उलटा बसवलेला होता, तरीही मर्यादांच्या दुरुस्तीने तेलाची गुणवत्ता राखली. मॉडेल चुकले असताना पद्धत कशी सावरते, याचा याहून चांगला पुरावा मी मागितला नसता.

दुसऱ्या पद्धतींचे प्रस्तावही आमच्याकडे आले होते. एक्स्ट्रीमम सीकिंग या पद्धतीला मॉडेल लागतच नाही. निविष्टी, म्हणजे आपल्या हातातली राशी (इथे हवा), सतत हळूहळू वरखाली हलवत ठेवून प्रतिसादावरून उतार काढायचा आणि तळाकडे सरकायचे. तिचा उगम १९२२ मधल्या लब्लाँ यांच्या विद्युत ट्रामला वीज पोचवण्याच्या कामापर्यंत मागे नेतात. जिथे प्रतिसाद काही सेकंदांत मिळतो तिथे ती छान चालते. जाळीवरच्या बॉयलरला मात्र प्रत्येक हालचाल भट्टीच्या संथ स्वभावापेक्षाही संथ ठेवावी लागेल, आणि तेवढ्यात ब्रिकेटचा लॉट बदललेला असेल. १९५७ मध्ये बॉक्स यांनी मांडलेली उत्पादन चालू ठेवूनच लहान लहान नियोजित बदल करत जाण्याची पद्धत कागद-पेन्सिलीनेही करता येते, आणि ज्यांच्याकडे संगणकाचा खर्च परवडत नाही त्यांनी तिच्याकडे जरूर पाहावे.

आणखी एक मार्ग मला फार मोलाचा वाटतो. नॉर्वेच्या स्कोगेस्टाड यांनी २००० मध्ये मांडलेल्या सेल्फ-ऑप्टिमायझिंग कंट्रोलचा गाभा असा की, स्थिर धरल्यावर प्रक्रिया आपोआप इष्टतम बिंदूच्या जवळ राहील अशी मोजता येणारी राशी शोधावी. बॉयलरच्या बाबतीत भारानुसार ऑक्सिजनचा ठरवलेला वक्र हे त्याचे साधे रूप आहे. ज्यांचे इंधन एकाच प्रकारचे आहे आणि भार फारसा बदलत नाही, अशा डाळ मिलच्या किंवा दूध प्रकल्पाच्या लहान बॉयलरला चांगला ऑक्सिजन प्रोब, पंख्यांना वेग बदलणारे व्हीएफडी आणि हा वक्र एवढे पुरे आहे. त्यांनी आमच्यासारखी सेवा घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन. जिथे इंधन सारखे बदलते आणि वाफेचा खर्च मालाच्या किमतीत जाणवतो, तिथेच तिचे मोल निघते.

सेवेच्या व्यवहाराबद्दल थोडक्यात सांगतो. प्रणाली आमच्याच नियंत्रण कक्षातल्या औद्योगिक संगणकावर चालते, त्यामुळे इंटरनेट गेले तरी काम थांबत नाही, आणि वीज गेली तर पीएलसी शेवटच्या सुरक्षित सेट पॉइंटवर राहतो. सगळ्या सुरक्षा-मर्यादा पीएलसीतच पक्क्या बसवल्या आहेत. संगणक त्या ओलांडू शकत नाही. मोजलेल्या आकड्यांची मालकी आमची आहे, हे करारात लिहून घेतले आहे. संस्थेचे अभियंते फोनवर उपलब्ध असतात आणि उत्तरे सरळ देतात. प्रत्यक्ष भेटी मात्र कमी पडतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला, जेव्हा माल आणि व्हॅक्युम दोन्ही एकदम बदलतात, तेव्हा त्यांच्यापैकी कोणी तरी इथे मुक्कामाला हवे होते. प्रशिक्षण इंग्रजी सादरीकरणांवर चालले आणि पाळीतल्या लोकांना ते जड गेले. विद्यापीठाच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतून शिकून आलेल्या आमच्या दोन तरुण सहकाऱ्यांनी ते मराठीत पुन्हा घेतले, तेव्हा कुठे शंका विचारल्या जाऊ लागल्या.

बचत कशी मोजायची यावर आमची सर्वांत लांब चर्चा झाली. संस्थेचे शुल्क बचतीशी जोडलेले आहे आणि तुलना मागच्या वर्षाशी करावी असा त्यांचा प्रस्ताव होता. मागच्या वर्षीचा माल, पाऊस आणि उत्पादन यांपैकी काहीच सारखे नसताना ती तुलना कोणालाच न्याय देत नाही. आम्ही एकाच लॉटवर प्रणाली एक दिवस चालू आणि एक दिवस बंद ठेवून वाफ आणि ब्रिकेट यांचे गुणोत्तर पाहण्याचा आग्रह धरला, आणि काट्याचा ढोबळपणा पुसला जावा म्हणून अशा अनेक जोड्यांची सरासरी घ्यायचे ठरवले. त्यांनी ते मान्य केले. या मोजणीत कोरड्या महिन्यांत फरक लहान दिसतो, कारण आप्पांची नजर तेव्हा तळाच्या जवळच असते. ओल्या आणि मिसळलेल्या मालावर तो ठळक होतो.

करार आता नूतनीकरणाला आला आहे. डिओडोरायझरचे काम आम्ही पुढच्या हंगामापासून स्वतःच्या माणसांकडे घेत आहोत, कारण त्यातली दुरुस्ती आता त्यांना पूर्ण समजली आहे आणि त्यासाठी बाहेरचे शुल्क भरण्याचे कारण उरलेले नाही. बॉयलरची सेवा चालू ठेवत आहोत. त्यासाठी तीन अटी लेखी दिल्या आहेत: राखेतल्या कार्बनचा हिस्सा प्रयोगशाळेच्या दोन नमुन्यांच्या मधल्या काळातही अंदाजाने हिशेबात यावा, जूनच्या सुरुवातीला अभियंत्याचा मुक्काम जळगावात असावा, आणि पाळीचे प्रशिक्षण मराठीत व्हावे. पहिल्या अटीवर त्यांचे काम सुरू झाले आहे, उरलेल्या दोन्ही त्यांनी स्वीकारल्या आहेत.